मसुदा घरचा, सही वकिलाची : एका घरगुती पॅरालीगल व्यवसायाचे प्रकरण

(ओळख पटू नये म्हणून गाव, व्यक्ती आणि काही तपशील बदलले आहेत.)

पार्श्वभूमी

पश्चिम महाराष्ट्रातील एक जिल्ह्याचे ठिकाण. श्रीमती क, वय 38, बी.कॉम. मराठी आणि इंग्रजी दोन्हींच्या 40 शब्द प्रतिमिनिट वेगाच्या शासकीय टंकलेखन परीक्षा उत्तीर्ण. अकरा वर्षे त्या एका दिवाणी वकिलांच्या ऑफिसात होत्या. सुरुवात टायपिंगपासून झाली. पुढे दाव्याचा कच्चा मसुदा, कैफियत (प्रतिवादीचे लेखी उत्तर), निशाणी 5 चा तात्पुरत्या मनाईचा अर्ज, दस्तऐवज यादी, पुरसीस (कोर्टाला दिलेले छोटे लेखी निवेदन), सरतपासाचे (आपल्याच साक्षीदाराच्या जबाबाचे) प्रतिज्ञापत्र, सगळे त्यांच्या हातून जाऊ लागले. वकीलसाहेब तोंडी मुद्दे सांगत, त्या लिहून आणत, साहेब लाल शाईने दुरुस्त करत. कायद्याचे शिक्षण नाही, पण दिवाणी कोर्टाची कागदपत्रे डोळे मिटून लावता येतील इतका सराव.

2023 च्या सुरुवातीला दोन गोष्टी एकत्र आल्या. वकीलसाहेबांनी वयोमानाने नवीन कामे घेणे थांबवले आणि घरी सासूबाईंना अर्धांगवायूचा झटका आला. 14,000 रुपये पगाराची नोकरी टिकणार नव्हती आणि दुसरी पूर्णवेळ नोकरी धरण्यासारखी घरची स्थिती नव्हती. घरातून काम करून महिन्याला खर्च वजा जाता 20,000 सुटावेत, एवढे ठरवून जून 2023 मध्ये त्यांनी सुरुवात केली.

अडचण

वरवर पाहता अडचण कामे मिळवण्याची वाटते. तशी ती नव्हती. नोकरी सुटल्याचे कळताच पहिल्या पंधरवड्यात शेजारीपाजारी, नात्यातले, जुने पक्षकार असे अनेक जण घरी आले. कोणाला नोटीस हवी होती, कोणाला हक्कसोडपत्र, कोणाला भाडेकरू बाहेर काढायचा होता. प्रत्येकाचे वाक्य तेच : "ताई, तुम्हाला सगळं येतं, वकिलाकडे कशाला जायचं?"

खरी अडचण या वाक्यातच आहे. भारतात स्वतंत्र पॅरालीगल (सनद नसताना कायदेशीर कागदपत्रांचे काम करणारी व्यक्ती) या व्यवसायाला परवाना, नोंदणी किंवा कायद्याने ठरवलेले कार्यक्षेत्र नाही. कायदा सांगतो तो फक्त काय करू नये एवढेच. ॲडव्होकेट्स ॲक्ट 1961 च्या कलम 29 आणि 33 प्रमाणे वकिली हा फक्त सनदधारकांचा अधिकार आहे. अधिकार नसताना कोर्टात किंवा प्राधिकरणापुढे वकिली केल्यास कलम 45 खाली सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. "मी कोर्टात उभी राहत नाही, फक्त कागद करते" या बचावावर विसंबता येत नाही. परदेशी वकिलांविषयीच्या ए. के. बालाजी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 13 मार्च 2018 रोजी वकिलीच्या व्यवसायात कोर्टाबाहेरचे कामही येते असे स्पष्ट केले. सल्ला देणे आणि दस्ताचा मसुदा करणे ही कामे या रेषेच्या फार जवळची आहेत.

म्हणजे सर्वाधिक मागणी ज्या कामाला होती तेच सर्वाधिक धोक्याचे होते.

कोणते पर्याय समोर होते

पहिला पर्याय थेट पक्षकारांची कामे घेण्याचा. रोख पैसे, भरपूर मागणी, आणि वर सांगितलेला धोका.

दुसरा, ऑनलाइन भाडेकरारांचा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 च्या कलम 55 प्रमाणे लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृत असणे बंधनकारक आहे व ती जबाबदारी घरमालकाची आहे, त्यामुळे काम कधी आटत नाही. नोंदणी विभागाच्या पोर्टलवर माहिती भरायची, पक्षकार आणि साक्षीदारांचे फोटो व आधारशी जुळणारे अंगठे घ्यायचे. मुद्रांक शुल्क एकूण भाडे, परत न मिळणारी रक्कम आणि परतीच्या अनामतीवरील वार्षिक 10 टक्के व्याज यांच्या बेरजेवर 0.25 टक्के. उदाहरणार्थ भाडे 12,000, अनामत 50,000, मुदत 11 महिने : भाडे 1,32,000 आणि व्याज सुमारे 4,583, म्हणजे शुल्क साडेतीनशेच्या घरात. नोंदणी फी महापालिका हद्दीत 1,000, ग्रामीण भागात 500. पण अंगठे घ्यायला घरोघरी जावे लागते, तेही संध्याकाळी आणि रविवारी. आजारी माणूस घरात असताना ते जमण्यासारखे नव्हते. शिवाय प्रत्येक एजंट दुसऱ्यापेक्षा शंभर रुपये कमी सांगतो.

तिसरा पर्याय विधी सेवा प्राधिकरणाकडे पॅरा लीगल व्हॉलंटियर होण्याचा. नाव सारखे असले तरी हा व्यवसाय नव्हे. ते मानधनावरचे समाजकार्य आहे, आणि ते ओळखपत्र दाखवून खाजगी काम मिळवणे गैर ठरते. चौथा, एलएल.बी. करून सनद घेण्याचा. हा सर्वांत भक्कम मार्ग, पण पत्राद्वारे मिळवलेल्या कायद्याच्या पदवीवर सनद मिळत नाही. तीन वर्षे नियमित वर्गात बसावे लागते. तो पुढे ढकलला.

उरला पाचवा : ग्राहक म्हणजे फक्त वकील. मसुदा, टायपिंग, ई-फायलिंगची तयारी, तारखांचा पाठपुरावा ही कामे वकिलाच्या सूचनेवरून करायची. सही, सल्ला आणि जबाबदारी वकिलाची. जिल्ह्याच्या ठिकाणी पाच-सात वर्षे सनद झालेल्या पुष्कळ वकिलांना पूर्णवेळ स्टेनो परवडत नाही, आणि कोर्टाच्या आवारातला टायपिस्ट कच्चा मसुदा करून देत नाही. ही फट खरी होती.

पहिला निर्णय आणि त्यातली चूक

श्रीमती कनी पाचवा पर्याय धरला, पण पूर्णपणे नाही. "ओळखीच्यांचे किरकोळ कागद" त्यांनी चालू ठेवले. पहिल्या तीन महिन्यांत वकिलांकडून 5,200, 7,800 आणि 8,400 रुपयांची कामे आली. किरकोळ कागदांनी महिन्याला चार-पाच हजारांची भर घातली. मोह समजण्यासारखा आहे.

सप्टेंबरमध्ये शेजारच्या कुटुंबाने हक्कसोडपत्र करून घेतले : तीन बहिणी, एक भाऊ, वडिलोपार्जित शेतजमीन. "तुम्ही फक्त टाईप करून द्या" एवढेच सांगणे होते. पण टाईप करायला मजकूर लागतो, आणि मजकूर कोणता हे ठरवणे म्हणजेच मसुदा. दस्ताला नोंदणी लागते, नुसती नोटरी चालणार नाही, हे त्यांनी बरोबर सांगितले. हाही सल्लाच झाला. दस्त नोंदला गेला. दोन महिन्यांनी धाकट्या बहिणीचे म्हणणे पडले की आपण फक्त एका गटातला हिस्सा सोडणार होतो, कागदात दोन्ही गट आले. "वकीलबाईंनी घरी बसून केलंय," असे ती गावभर सांगू लागली.

मजकूर बहिणीच्या समजुतीप्रमाणे होता की नाही, हा मुद्दा वेगळा. बहिणीला तिच्या हिताचे स्वतंत्रपणे समजावून सांगणारा कोणी नव्हता. भावाने सांगितले तसे लिहिले गेले. वकील असता तर त्याने आपण कोणाच्या बाजूने आहोत हे आधी ठरवले असते आणि बाकीच्यांना दुसरा वकील बघायला सांगितले असते. टाईप करणाऱ्याला बाजू नसते असे आपण धरून चालतो, आणि भांडण झाले की तोच सगळ्यांच्या विरुद्ध बाजूला जाऊन बसतो. शेवटी एका वकिलांनी मध्यस्थी करून चूक-दुरुस्ती दस्त करून दिला. त्यांची फी श्रीमती कनी स्वतः भरली.

त्यानंतर नियम पक्का झाला : पक्षकाराकडून थेट काम नाही, पैसे नाहीत. कोणी आले तर तीन-चार वकिलांची नावे द्यायची, एकच नाव नाही.

एकच नाव का नाही, याला कारण आहे. एका वकिलांनी मध्यंतरी सुचवले होते की पाठवलेल्या प्रत्येक पक्षकारामागे फीच्या दहा टक्के देईन. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांनुसार वकिलाला बिगर-वकिलाशी फी वाटून घेता येत नाही. आणि मोबदला घेऊन पक्षकार मिळवून देणारा म्हणजे दलाल. ॲडव्होकेट्स ॲक्टमध्ये 2023 च्या दुरुस्तीने आलेल्या कलम 45ए प्रमाणे कोर्टाला दलालांची यादी प्रसिद्ध करता येते आणि यादीत नाव असताना दलाली केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. श्रीमती कनी नकार दिला. दर फक्त कामावर, निकालावर किंवा फीच्या टक्क्यावर नाही, हे त्यांनी पुढे पत्रातही घातले.

मांडणी

सुरुवातीचा खर्च 1,19,000 रुपये झाला : लॅपटॉप 46,000, कागद आपोआप ओढणारा स्कॅनर 24,000, इन्व्हर्टर-बॅटरी 19,000, लेझर प्रिंटर 16,500, कुलपाचे लोखंडी कपाट 9,000, कागद फाडण्याचे यंत्र 4,500. प्रिंटरवरचा खर्च अनाठायी ठरला. बहुतेक काम पीडीएफमध्ये जाते आणि छपाई वकिलाच्या ऑफिसात होते. उलट स्कॅनरशिवाय एक दिवस चालत नाही.

नोंदण्या फारशा लागत नाहीत. मोजकेच कामगार असतील तर दुकाने व आस्थापना कायदा 2017 खाली फक्त ऑनलाइन सूचना द्यावी लागते. व्यवसाय कराची स्वतःची नोंद, वर्षाला 2,500 रुपये. उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) मोफत आहे. त्यासाठी पैसे मागणाऱ्या संकेतस्थळांपासून सावध राहावे. जीएसटीत वकिलांच्या सेवेला जी वेगळी वागणूक आहे ती पॅरालीगलला लागू होत नाही, पण वार्षिक उलाढाल 20 लाखांच्या आत असल्याने नोंदणीचा प्रश्न आला नाही.

खरे महत्त्व दोन पानी पत्राला. प्रत्येक वकिलाची त्यावर सही घेतली जाते. काम वकिलाच्या सूचनेने व देखरेखीखाली होईल, अंतिम मजकूर वकील तपासेल, पक्षकाराशी बोलणे झालेच तर ते वकिलाने दिलेल्या प्रश्नावलीपुरते राहील, तारखांची अंतिम जबाबदारी वकिलाच्या डायरीची असेल, आणि काम संपल्यावर 90 दिवसांनी घरातील प्रती नष्ट होतील.

गोपनीयतेचे कलम मात्र थोडे खोलात जाऊन लिहावे लागले. भारतीय साक्ष अधिनियम 2023 च्या कलम 132 मध्ये वकील आणि पक्षकार यांच्यातील संवादाला संरक्षण आहे, आणि ते वकिलाच्या कारकुनाला व कर्मचाऱ्याला लागू होते. जुन्या पुरावा कायद्यातही तसेच होते. पण चार वकिलांना बिल पाठवणारी घरातली स्वतंत्र व्यक्ती "कर्मचारी" ठरेल का? वाद होऊ शकतो. म्हणून पत्रात स्पष्ट लिहिले की प्रत्येक प्रकरणापुरते त्या संबंधित वकिलाच्या कारकून म्हणून काम करतील. याने वाद पूर्ण मिटतो असे नाही, पण कागदावर भूमिका असणे महत्त्वाचे.

घरच्या बाजूने : दार बंद होणारी खोली, लॅपटॉपवर मुलासाठी वेगळे खाते (नंतर त्याला वेगळा जुना संगणकच दिला), आणि व्हॉट्सॲपवर कागद स्वीकारणे बंद. व्हॉट्सॲपवरचे फोटो आपोआप फोनच्या गॅलरीत उतरतात आणि लग्नाच्या फोटोंमध्ये कोणाचा तरी पोटगीचा अर्ज निघतो.

काम कसे चालते

कोर्ट सुटल्यावर वकील ऑफिसात बसतात, त्यामुळे काम संध्याकाळी साडेसहा ते नऊच्या दरम्यान येते. नेमका हाच स्वयंपाकाचा आणि सासूबाईंच्या औषधांचा वेळ. पहिले चार महिने रात्री बारापर्यंत जागण्यात गेले. मग वेळ ठरवली : आठपर्यंत आलेले काम दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत, दुसऱ्या दिवशी सकाळी हवे असेल तर दीडपट दर. दीडपट म्हटल्यावर तातडीची निम्मी कामे आपोआप बिनतातडीची झाली.

दर असे बसले : नोटीस 400, चेक न वटल्याची (कलम 138) पूर्ण फिर्याद प्रतिज्ञापत्र व यादीसह 1,500, दाव्याचा कच्चा मसुदा 1,200 ते 2,500, तारखांचा गोषवारा 1,000. ई-फायलिंगसाठी 50 पानांपर्यंत 300, पुढे पानाला 3 रुपये. साठ प्रकरणांपर्यंतचा तारखांचा पाठपुरावा महिना 2,000. सुरुवातीला सगळेच पानावर होते. पानाचा दर नुसत्या टायपिंगला ठीक. मसुद्याला तो उलटा पडतो, कारण चांगला मसुदा आखूड असतो.

पाठपुरावा ई-कोर्ट्स ॲपवर अक्षरे आणि अंक मिळून सोळा चिन्हांच्या सीएनआर क्रमांकाने (प्रत्येक प्रकरणाचा स्वतंत्र ओळखक्रमांक) होतो. रात्री आठला एकदा आणि सकाळी साडेआठला पुन्हा बघायचे, कारण पुढची तारीख कधी कधी दुसऱ्या दिवशी चढते. ॲपवरची तारीख आणि कोर्टातल्या बोर्डावरची तारीख यांत फरक आढळला तर कोर्टातली खरी. नक्कल अर्ज, त्रुटी काढणे, कोर्ट फी स्टॅम्प ही कामे घरातून होत नाहीत. त्यासाठी एका नोंदणीकृत वकील-कारकुनाशी फेरीमागे 100 रुपये ठरले. घरून सर्व काही होते असे सांगणाऱ्यांनी नक्कल विभागाची रांग पाहिलेली नसते.

ई-फायलिंगमध्ये पीडीएफ ए-4, 300 डीपीआय, मजकूर शोधता येईल अशी आणि प्रत्येक दस्ताला बुकमार्क लावलेली तयार करायची. हाताने लिहिलेल्या जुन्या सातबाऱ्यावर अक्षरओळख चालत नाही, म्हणून तिथे बुकमार्कचे नाव सविस्तर द्यायचे : गट क्रमांक, वर्ष, उताऱ्याचा प्रकार. एका वकिलांनी लॉगिन, पासवर्ड आणि डिजिटल सहीचे टोकन देऊ केले होते. ते घेतले नाही. माहिती तंत्रज्ञान कायदा 2000 च्या कलम 42 प्रमाणे सहीची खाजगी कळ स्वतःच्या ताब्यात ठेवणे हे सहीधारकाचे कर्तव्य आहे. आता फाइल तयार होऊन जाते, अपलोड आणि सही वकील स्वतः करतात.

जे बिघडले

फॉन्टचे प्रकरण आधी. वकिलांच्या जुन्या फाइली युनिकोडपूर्वीच्या मराठी फॉन्टमध्ये असतात. रूपांतर केल्यावर "शेतकऱ्याचा", "दुसऱ्या" अशा शब्दांतील जोडाक्षरे आणि रफार मोडतात, ते डोळ्यांना दिसते. न दिसणारी गडबड आकड्यांची असते. मध्येच इंग्रजी फॉन्टमध्ये टाईप केलेला गट क्रमांक रूपांतरात बदलतो किंवा गळतो. एका कैफियतीत "0 हे. 81 आर" चे "0 हे. 31 आर" झाले आणि ते सहीच्या आधी वकिलांनी पकडले. आता जुनी आणि नवी प्रत शेजारी ठेवून गट क्रमांक, क्षेत्र, आकार, चतुःसीमा, रकमा आणि तारखा एवढेच दुसऱ्या व्यक्तीकडून मोठ्याने वाचून घेतले जाते.

1 जुलै 2024 ला नवे फौजदारी कायदे आले तेव्हा सगळे नमुने बदलावे लागले. अटकपूर्व जामीन 438 वरून 482, नियमित जामीन 439 वरून 483, पोटगी 125 वरून 144. पाहता पाहता घोळ होतो तो 482 या आकड्याचा : जुन्या संहितेत तो उच्च न्यायालयाचा अंगभूत अधिकार होता, आता तो 528 आहे. नुसते शोधा-आणि-बदला केले तर अर्ज भलत्याच कलमाखाली जातो. 1 जुलैपूर्वीच्या गुन्ह्याला जुनी दंडसंहिताच लागते, म्हणून जुने नमुने न पुसता वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवले.

कलम 138 च्या मुदती हा सर्वांत नाजूक भाग. बँकेकडून चेक परत आल्याची माहिती मिळाल्यापासून 30 दिवसांत नोटीस, नोटीस मिळाल्यापासून 15 दिवस देणेकऱ्याला, त्यानंतर एक महिन्यात फिर्याद. नोटीस 4 मार्चला मिळाली असेल तर 15 दिवस 19 मार्चला संपतात, फिर्यादीचे कारण 20 मार्चला घडते, तो दिवस वगळून महिना मोजला की 20 एप्रिल ही शेवटची तारीख. हा कॅलेंडरचा महिना आहे, 30 दिवस नव्हे. ऐनवेळी धावपळ नको म्हणून श्रीमती क मुदतींच्या वहीत आठ दिवस आधीची, 12 एप्रिल, तारीख लिहितात. एका प्रकरणात पाकीट "मागणी न केल्याने परत" आले आणि कोणती तारीख धरायची हे त्यांनी स्वतःच ठरवून टाकले. फिर्याद मुदतीत गेली म्हणून निभावले. बजावणीची तारीख धरणे हा कायदेशीर निर्णय आहे, तो वकिलाचाच. आता अशा नोंदीपुढे वहीत लाल खूण होते आणि वकिलाचे लेखी उत्तर येईपर्यंत पुढचा रकाना रिकामा राहतो. पोस्टाचा ट्रॅकिंग उतारा त्याच दिवशी छापून फाइलला लावतात, कारण ती नोंद काही काळाने संकेतस्थळावरून जाते.

दोन्ही बाजूंचे वकील एकाच दारात

मोठ्या शहरात कदाचित वर्षानुवर्षे न येणारा हा प्रसंग जिल्ह्याच्या ठिकाणी सातव्या महिन्यात आला. ॲड. अ यांच्यासाठी एका वाटप दाव्याचा मसुदा झाला होता. काही आठवड्यांनी ॲड. ब यांची कैफियतीची कागदपत्रे ईमेलने आली. विषयात फक्त दावा क्रमांक होता. दुसऱ्या पानावर गट क्रमांक आणि गाव वाचल्यावर लक्षात आले की हा तोच दावा.

समोर तीन वाटा होत्या. दोन्हीकडचे काम गुपचूप करणे हा पहिला. पैसे दुप्पट आणि उघडकीला आले की दोन्ही वकील कायमचे गेले. ॲड. अ ना सांगून परवानगी घेणे हा दुसरा. पण परवानगी पक्षकाराची लागेल, आणि भाऊबंदकीच्या दाव्यात ती कोण देईल? तिसरा म्हणजे ॲड. ब यांचे काम परत करणे. श्रीमती कनी तेच केले : पुढची पाने न उघडता ईमेल व उतरवलेली प्रत पुसली आणि "हे काम घेता येत नाही, दुसरी व्यवस्था करावी" एवढेच कळवले. कारण सांगितले नाही. ॲड. ब यांना ते अर्थातच समजले आणि थोडा रागही आला, कारण कैफियतीची मुदत जवळ होती.

निर्णय बरोबर, क्रम चुकीचा. कागद येण्याआधी तपासणी व्हायला हवी होती. आता नोंदवहीत पक्षकारांची नावे, वडिलांची किंवा पतीची नावे, गाव, गट क्रमांक आणि सीएनआर असतात, आणि वकिलाने आधी एवढेच कळवायचे असते. अर्ध्या तासात होकार किंवा नकार जातो, मगच कागद येतात. आडनावावर विसंबून चालत नाही; एका गावात निम्मी घरे एकाच आडनावाची असतात. गट क्रमांक खोटे बोलत नाही.

पैसे अडकणे

डिसेंबर 2023 मध्ये बिल 19,500 चे झाले, हातात आले 11,000. वर्षअखेर येणे 46,300 वर गेले. "पक्षकाराने दिले की देतो" हे उत्तर वकिलांच्या बाजूने खोटे नसते, पण पक्षकाराच्या उशिराचा भार घरच्या टायपिंग टेबलावर का यावा? उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म उद्योगाला 2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या कायद्याप्रमाणे ठरलेल्या दिवशी, आणि करारात काहीही असले तरी जास्तीत जास्त 45 दिवसांत, पैसे मिळायला हवेत. त्यानंतर व्याज लागते. जिथे रोज त्याच माणसांकडून काम घ्यायचे तिथे कोणी तक्रार करत नाही. पण बिलाच्या तळाशी उद्यम क्रमांक आणि 45 दिवसांची ओळ छापल्यावर दोघांनी विचारले, "हे काय आहे?" आणि तीन आठवड्यांत पैसे दिले. नवीन वकिलांकडून 2,000 आगाऊ, बिल महिन्याच्या 1 तारखेला, 45 दिवस उलटले की नवीन काम बंद पण चालू मुदतीचे काम पूर्ण. शेवटची अट महत्त्वाची. कोणाची फिर्याद मुदतीबाहेर घालवून वसुली करायची नसते.

निष्पत्ती

2024-25 मध्ये पाच वकिलांकडून महिन्याला सरासरी 33,000 ची बिले झाली. इंटरनेट, वीज, टोनर, बॅकअप, हिशेबनीस आणि आकडे वाचून घ्यायला येणाऱ्या मुलीचे 2,500 धरून खर्च 7,000. ठरवलेल्या 20,000 पेक्षा हे पुढे आहे, पण 33,000 पैकी 12,000 एकाच वकिलाकडून येतात. थेट पक्षकारांचे काम बंद केल्याने जे गेले ते सातेक महिन्यांत भरून निघाले. ॲड. ब पुन्हा काम देऊ लागले. नोंदवहीची पद्धत त्यांनी आपल्या ऑफिसातही लावली.

वेगळे काय करता आले असते

दोन पानी पत्र ऑक्टोबरमध्ये आले, ते जूनमध्ये पहिल्या कामाआधी हवे होते. ते असते तर हक्कसोडपत्र घरी लिहिले गेले नसते, निदान नकार द्यायला हाताशी कागद असता.

भांडवल दोन टप्प्यांत घालता आले असते : लॅपटॉप, स्कॅनर आणि कपाट आधी, बाकी सहा महिन्यांनी. पहिल्या तिमाहीची कमाई पाहता 40,000 रुपये घरात राहिले असते आणि किरकोळ कागदांचा मोह तेवढा कमी झाला असता.

आजारपणाची तजवीज अजूनही अपुरी आहे. ऑगस्ट 2024 मध्ये सासूबाई आठवडाभर दवाखान्यात होत्या तेव्हा तारखांचा पाठपुरावा वकील-कारकुनाने केला, पण वहीतल्या 138 च्या तारखा त्याला वाचता आल्या नाहीत, कारण त्या खुणांच्या भाषेत होत्या. वही आता तक्त्यात आहे आणि प्रत्येक वकिलाला दर शनिवारी त्याच्याच प्रकरणांचा भाग पाठवला जातो.

सध्या सहावे वकील काम देऊ पाहत आहेत. त्यांची प्रकरणे प्रामुख्याने ॲड. अ यांच्या पक्षकारांच्या तालुक्यातली आहेत, आणि नोंदवहीत आजच चार गट क्रमांक जुळतात. श्रीमती कनी त्यांना फक्त 138 च्या फिर्यादी आणि ई-फायलिंग देऊ केले आहे, जमिनीची प्रकरणे नाहीत.